अकिलिसचं दुखणं: निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो

सकाळी उठून पाय जमिनीवर टेकवला की टाचेच्या मागे, जरा वर, आखडल्यासारखं होतं. बाथरूमपर्यंत लंगडत जावं लागतं, चहा होईपर्यंत पाय मोकळा होतो आणि मग दिवसभर फारशी तक्रार नसते. संध्याकाळी चालायला किंवा पळायला गेलं तर पहिली पाच-दहा मिनिटं दुखतं, नंतर थांबतं, आणि घरी येऊन तासभर बसून उठलं की पुन्हा ठणका लागतो. हे वर्णन जुळत असेल तर दुखणं बहुधा अकिलिस टेंडनचं, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड शिरेचं आहे. ‘चाललं की बरं वाटतं’ म्हणून लोक ते महिनोन्महिने अंगावर काढतात. घोळ होतो तो इथेच. अंग गरम झाल्यावर हे टेंडन गप्प बसतं, त्यामुळे चालताना काय वाटतं यावरून त्याची खरी अवस्था कळत नाही. ती कळते दुसऱ्या दिवशी सकाळी.

ही शीर करते काय

पोटरीत दोन मोठे स्नायू असतात. वरचा, दिसायला फुगीर असतो तो गॅस्ट्रोक्नेमियस. त्याची सुरुवात गुडघ्याच्या वर होते. त्याच्या खालचा चपटा सोलियस गुडघ्याच्या खालून निघतो. दोन्ही खाली येऊन एकाच टेंडनमध्ये मिळतात आणि ते टाचेच्या हाडाला मागून चिकटतं. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. शरीरातलं हे सगळ्यात जाड आणि मजबूत टेंडन आहे, आणि तसं असावंच लागतं: चालताना त्याच्यावर वजनाच्या तिपटीच्या आसपास भार येतो, पळताना सहा ते आठ पट. ७० किलोच्या माणसाचा हिशेब केला तर पळताना प्रत्येक पावलाला सव्वाचारशे ते साडेपाचशे किलो.

एवढा भार रोज पेलणारी ही रचना बिघडते ती बहुधा भार एकदम वाढल्यामुळे. टेंडनमध्ये कोलॅजन या प्रथिनाचे तंतू एका दिशेने, शिस्तीत लावलेले असतात. पेशींना जुळवून घ्यायला वेळ न देता ताण वाढवत नेला तर नीट विंचरलेल्या केसांत गुंता व्हावा तसं काही भागात होतं: तंतूंची दिशा बिघडते, आत पाणी धरलं जातं, टेंडन जाड होतं, नको तिथे बारीक रक्तवाहिन्या आणि त्यांच्यासोबत मज्जातंतू शिरतात. नेहमीच्या अर्थाने सूज येणं, म्हणजे लालसर होणं, तापणं, हा यातला छोटा भाग. त्यामुळे सूज कमी करणाऱ्या गोळ्या आणि मलमं चार-सहा तास बरं वाटवतात, पण मूळ बिघाड जागच्या जागी राहतो.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. गुंता झालेला भाग पूर्ववत सरळ होईलच असं नाही. सुधारणा होते ती मुख्यतः आजूबाजूचे चांगले तंतू आणि पोटरीचे स्नायू दणकट झाल्यामुळे. म्हणून दुखणं पूर्ण थांबल्यावरही सोनोग्राफीत टेंडन जाडच दिसू शकतं. त्यावरून घाबरून पुन्हा उपचार सुरू करायचं कारण नाही.

आधी जागा ओळखा

खुर्चीत बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत टेंडन धरून टाचेच्या हाडापासून वर वर सरका. हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर, म्हणजे एक बोट सोडून पुढच्या दोन-तीन बोटांत, चिमटीत धरल्यावर कळ येत असेल तर दुखणं टेंडनच्या मधल्या भागाचं. तिथे गाठीसारखा फुगवटाही लागतो. कळ अगदी खाली, बुटाची मागची कड घासते त्या जागी असेल तर ते हाडाला चिकटण्याच्या जागेचं दुखणं. दुखतं ते टाचेच्या तळाशी, पाऊल टाकतो त्या बाजूला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. ते प्लांटर फॅशियाचं, म्हणजे तळपायातल्या जाड पट्ट्याचं दुखणं असण्याची शक्यता जास्त.

हा फरक किरकोळ नाही, कारण दोन्ही जागांचे नियम वेगळे आहेत. खालच्या जागेवर ताणाबरोबर दाबही येतो: पाऊल वर वाकलं, म्हणजे नडगी पुढे झुकली, की टेंडन टाचेच्या हाडाच्या वरच्या कोपऱ्यावर दाबलं जातं. उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, सूर्यनमस्कारातल्या पर्वतासनात टाचा जमिनीला टेकवायची खटपट, भिंतीला हात लावून पोटरी ताणणं, पायरीच्या कडेला टाच लोंबकळवणं, हे सगळं या जागेला नको असतं. बहुतेकांना पहिला सल्ला मिळतो तो नेमका ‘स्ट्रेचिंग कर’ असा. खालच्या जागेचं दुखणं असेल तर तो सल्ला बाजूला ठेवा. मधल्या भागाच्या दुखण्यात ताणल्याने एवढं नुकसान होत नाही, पण फायदाही यथातथाच.

भार वाढतो कुठून

बरेच जण म्हणतात, ‘मी तर काहीच वेगळं केलं नाही.’ मागच्या चार आठवड्यांचा हिशेब काढला की सापडतं. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी नोव्हेंबरात घाईने सुरू केलेली असते. सपाटीवर पळणारा माणूस मित्रांच्या नादाने ठाण्यातल्या उपवनहून येऊरचा चढ मारायला लागतो, किंवा खारघरच्या टेकडीवर रविवारी सकाळी जायला लागतो. चढावर पाऊल जास्त वाकतं आणि पोटरीला दर पावलाला जास्त जोर लावावा लागतो. आठवडाभर ऑफिसात खुर्चीत बसून शनिवारी रात्री टर्फवर दोन तास बॉक्स क्रिकेट खेळलं जातं. नवरात्रात नऊ रात्री अनवाणी, चवड्यांवर उड्या मारत गरबा होतो आणि दसऱ्यानंतर टाच बोलायला लागते. ठाणे स्टेशनच्या पुलावर सुटणारी लोकल पकडायला दोन-दोन पायऱ्या गाळत धावणं हा तर रोजचाच प्रकार. एकदा धावल्याने बिघडत नाही, पण दुखऱ्या टेंडनला ते पुरेसं होतं.

चपला-बूटही पाहा. जाड टाचेच्या बुटातून एकदम सपाट तळाच्या बुटात गेलं, किंवा पावसाळा लागला म्हणून चार महिने पातळ रबरी चपलेवर काढले, की टेंडनचं काम वाढतं.

काही कारणं मात्र शरीराच्या आत असतात. मधुमेहात टेंडन जाड आणि ताठर होत जातं. रजोनिवृत्तीनंतर बायकांमध्ये हे दुखणं वाढतं. आणि औषधांतलं एक कारण आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे: सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स. जुलाब लागले की केमिस्टकडून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी सर्रास आणली जाते. या गटाच्या औषधांनी टेंडन दुखू शकतं आणि क्वचित तुटूही शकतं, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये त्यांच्यावर ठळक चौकटीतली सूचना छापायला लावली. साठीनंतर आणि सोबत स्टिरॉइड चालू असेल तर धोका वाढतो. अशी गोळी चालू असताना टाचेच्या मागे दुखायला लागलं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा, आणि औषध संपल्यावरही काही आठवडे उड्या-पळणं टाळा.

पहिले दोन आठवडे

पूर्ण आराम हा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात फसवा उपाय. तीन आठवडे पाय वर करून बसलं की दुखणं थांबतं, कारण भारच नसतो. पण तेवढ्यात टेंडन आणि पोटरी दोन्ही आणखी कमजोर झालेली असतात, आणि पहिल्याच रविवारी पुन्हा पळायला गेलं की दुखणं आधीच्या ताकदीने परत येतं. असे तीन-चार फेरे झाले की माणूस म्हणतो, ‘माझी टाच कायमची गेली.’

थांबवायचं ते फक्त झटक्याचं काम: पळणं, उड्या, दोरीवरच्या उड्या, चढ. चालणं चालू ठेवा, सपाट जागी. पाम बीच रोडच्या कडेने, खारघरच्या सेंट्रल पार्कात किंवा तलावपाळीभोवती चाललेलं चालेल. येऊरचा रस्ता थोडे दिवस नको. जिना चढताना अख्खं पाऊल पायरीवर ठेवा, टाच बाहेर लोंबू देऊ नका.

बुटात टाचेखाली साधारण १ सेंटिमीटरचं उंचवटा देणारं पॅड घाला, दोन्ही बुटांत. एकाच पायात घातलं तर कंबर कुरकुरते. खरी अडचण घरात होते. आपण घरात अनवाणी, टाइल्सवर फिरतो, आणि दिवसभरातली बरीच पावलं तिथेच पडतात. घरात वापरायला वेगळी, टाच थोडी उंच असलेली चप्पल ठेवा. देवघरापुरती काढली तरी चालेल. खालच्या जागेचं दुखणं असलेल्यांना याचा फायदा लगेच जाणवतो. बुटाची मागची कड तिथे घासत असेल तर काही दिवस मागे उघडी असलेली सँडल बरी.

व्यायाम, अगदी तपशिलात

या दुखण्यावर ज्याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे तो उपचार म्हणजे टाचा उचलण्याचा व्यायाम, पण मोजून-मापून. १९९८ मध्ये स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी टाच हळूहळू खाली सोडण्याचा कार्यक्रम मांडला: १५ चे ३ सेट, गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. म्हणजे रोज १८० वेळा. काम होतं, पण इतकं रोज करणारे कमी. नंतर डेन्मार्कमधल्या २०१५ च्या अभ्यासात आठवड्यातून तीनदाच, जड वजनाने आणि हळू केलेल्या व्यायामाचे परिणाम तेवढेच चांगले आले. नोकरी-प्रवास सांभाळून करणाऱ्यांना दुसरी पद्धत जमते, म्हणून पुढचं सगळं तिच्या अंगाने.

सुरुवात दोन्ही पायांवर. ओट्याला किंवा खिडकीच्या ग्रिलला बोटं टेकवून उभे राहा, तोल सावरण्यापुरती; हातांनी वर ओढून घ्यायचं नाही. मनात तीन आकडे मोजत टाचा पूर्ण वर, एक आकडा थांबा, तीन आकडे मोजत खाली. १५ वेळा, मध्ये एक-दोन मिनिटं विश्रांती, असे ३ सेट. या वेगाने एका सेटला पावणेदोन मिनिटं लागतात. तुमचा सेट चाळीस सेकंदांत संपत असेल तर तुम्ही उसळ्या मारताय. वर जाताना जोर अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या मुळाशी हवा. घोटा बाहेर कलंडला तर ती खेप मोजू नका. दहाव्या-बाराव्या वेळी टाच पहिल्याइतकी उंच जात नसेल तर सेट तिथेच संपला.

हेही दुखत असेल तर आधी नुसतं धरून ठेवा: दोन्ही टाचा अर्ध्या उंचीवर उचलून ३० ते ४५ सेकंद स्थिर, मध्ये दोन मिनिटं थांबून ४-५ वेळा. काहींना याने लगेच हलकं वाटतं, काहींना नाही. नाही वाटलं तर त्यात अडकून पडू नका.

१५ चे तीन सेट सोपे वाटायला लागले की दोन्ही पायांवर वर जा आणि फक्त दुखऱ्या पायावर खाली या. तेही जमलं की वर-खाली दोन्ही एकाच पायावर. इथपर्यंत बहुतेकांना तीन ते सहा आठवडे लागतात. मधल्या भागाचं दुखणं असेल तर आता जिन्याच्या पायरीच्या कडेवर, कठडा धरून, टाच पायरीच्या पातळीखाली नेता येते. पावसाळ्यात सोसायटीचा जिना ओला असतो, तेव्हा घरातच लाकडी पाटावर करा. खालच्या जागेचं दुखणं असणाऱ्यांनी सपाट जमिनीवरच करायचं, टाच जमिनीच्या खाली कधीच न्यायची नाही.

मग वजन. खरा उपचार इथून सुरू होतो, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. जुनी सॅक घ्या, त्यात ५ किलोचं आट्याचं पाकीट टाका आणि दोन्ही खांद्यांवर अडकवा. १५ जमले की वजन वाढवा, १० किलो, पुढे १५. आकडा कमी करत ८ वर आणा. आठव्या वेळी चेहरा वाकडा झाला पाहिजे, एवढं वजन योग्य. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, त्यामुळे मधले टप्पे बाटल्यांनी साधता येतात.

गुडघा वाकवूनही तेवढेच सेट करा. गुडघा थोडा वाकवला की वरचा स्नायू सैल पडतो आणि काम सोलियसवर येतं. पळताना सगळ्यात जास्त भार तोच उचलतो. उभ्याने तोल जात असेल तर खुर्चीत बसून गुडघ्यावर १० किलोची आट्याची पिशवी ठेवून टाच उचला.

वजन आल्यावर रोज करायचं नाही. जड व्यायामानंतर पहिला दिवस-दीड दिवस टेंडनमध्ये कोलॅजनची मोडतोड बांधणीपेक्षा जास्त असते, त्यानंतर साधारण ७२ तासांपर्यंत बांधणी पुढे राहते. रोज वजन उचललं तर बांधणीला वेळच मिळत नाही. सोम-बुध-शुक्र ठेवा.

निकाल कसा वाचायचा

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. शून्य ते दहाच्या मापावर ५ पर्यंतचं दुखणं व्यायामात आणि त्यानंतर चालू शकतं, अट एकच: दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आलेलं असावं, आणि आठवड्यागणिक वाढत जाऊ नये. सुरुवातीला ३ वर थांबलं तर मनाला बरं पडतं.

सकाळी दोन नोंदी करा. आखडलेपण किती मिनिटांत गेलं, आणि दुखऱ्या पायावर पहिल्यांदा टाच उचलली तेव्हा किती दुखलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकोनात ‘८ / ३’ एवढंच लिहा. काल ८ मिनिटं होती आणि आज २५ झाली, तर कालचं काम जास्त झालं. कालचं वजन कमी करा, व्यायाम बंद करू नका. आठ आठवडे तोच आकडा, तर वजन वाढवायला तुम्ही कचरताय. ज्यांना मधुमेहामुळे पायाला बधिरपणा आहे त्यांनी दुखण्याच्या मापावर भिस्त ठेवू नये. त्यांनी मिनिटांवर आणि टाच किती वेळा उचलता येते यावर लक्ष ठेवावं, आणि फिजिओथेरपिस्टला दाखवूनच वजन वाढवावं.

किमान १२ आठवडे धरा. जुनं दुखणं असेल तर सहा महिने ते वर्ष. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून उपाय बदलणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि तेलाने रगडून मालीश करणाऱ्यांची त्याहून मोठी. पोटरीला मालीश खुशाल करा, पण दुखऱ्या गाठीवर अंगठा रगडू नका.

पुन्हा पळायचं तर

दुखऱ्या पायावर चांगल्या पायाइतक्याच वेळा, तेवढ्याच उंचीच्या टाचा उचलता येतात आणि अर्धा तास भराभर चाललं तरी सकाळ बिघडत नाही, तेव्हा उड्यांकडे वळा. आधी दोन्ही पायांवर जागच्या जागी छोट्या उसळ्या, २० चे ३ सेट, मग दोरी, मग एका पायावर. ते पचलं की सपाटीवर १ मिनिट पळणं आणि २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा. पळण्याच्या दोन दिवसांमध्ये सुरुवातीला दोन पूर्ण दिवस सोडा. आधी वेळ वाढवा, नंतर वेग, आणि चढ सगळ्यात शेवटी. टाच आणि चवड्याच्या उंचीत ८-१० मिलिमीटरचा फरक असलेले बूट या काळात बरे.

वजनाचा व्यायाम पळणं सुरू झालं म्हणून सोडायचा नाही. आठवड्यातून दोनदा चालू ठेवा. गरबा खेळायचा असेल तर उसळ्या नवरात्राच्या निदान सहा आठवडे आधी सुरू करा.

तपासण्या, इंजेक्शनं

चिमटीची तपासणी आणि एका पायावर टाच उचलणं यातून निदान बहुतेक वेळा होतं. शंका असेल तर सोनोग्राफी पुरते. एमआरआय क्वचितच लागतो. टेंडनमध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका: आठवडाभर बरं वाटतं आणि तुटण्याचा धोका राहतो. पीआरपीचा, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनचा खर्च हजारांत जातो, पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते खोट्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. तीन महिने नीट व्यायाम करूनही अडलं असेल तर शॉकवेव्हचा, म्हणजे यंत्राने बाहेरून दिलेल्या दाबलहरींचा जोड म्हणून विचार करता येतो, व्यायाम चालू ठेवूनच.

ज्यात वाट पाहत थांबू नये अशा गोष्टी

खेळताना ‘कुणीतरी मागून लाथ मारली’ असं वाटलं, फट्‌कन आवाज आला आणि मागे वळून पाहिलं तर कुणीच नाही: टेंडन तुटलं असं समजा. तिशी ते पन्नाशीतले, आठवड्यातून एकदाच बॅडमिंटन किंवा क्रिकेट खेळणारे यात जास्त सापडतात. तुटल्यावरही माणूस पाऊल थोडं हलवू शकतो, लंगडत चालू शकतो, त्यामुळे ‘लचक असेल’ म्हणून आठवडा वाया जातो. घरच्यांनी हे करून पाहावं: पालथं झोपवून पाऊल पलंगाबाहेर ठेवा आणि पोटरी दाबा. शाबूत पायाचं पाऊल आपोआप खाली वळतं, तुटलेल्याचं जागचं हलत नाही. त्याच दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयातही हा विभाग आहे. जाताना पाऊल वर वाकेल असं पट्टीने बांधू नका, बोटं खाली झुकलेली राहू द्या. शस्त्रक्रिया असो वा बूट-प्लास्टर, दोन्हींचा निकाल लवकर गेल्यावर चांगला लागतो.

पोटरी सुजून गरम आणि घट्ट झाली असेल, विशेषतः लांबचा प्रवास, ऑपरेशन किंवा प्लास्टरनंतर, तर रक्ताच्या गुठळीची शंका घेऊन लगेच दाखवा. धाप लागत असेल तर तासभरही थांबू नका. दोन्ही टाचा दुखतात, सकाळचं आखडणं अर्धा-पाऊण तास टिकतं आणि पहाटे कंबरदुखीने जाग येते, असं चाळिशीच्या आतल्या माणसाला होत असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जावं. दोन्ही पायांच्या टेंडनवर न दुखणाऱ्या टणक गाठी असतील तर लिपिड प्रोफाइल करून घ्या. घराण्यात चालत आलेलं जास्त कोलेस्टेरॉल कधी कधी हृदयाच्या आधी इथे दिसतं, आणि तसं निघालं तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी लागते.